तिम्मप्पाचा वाटा

कुमठ्याची बस बोळेकेरीच्या फाट्यावर थांबली, तेव्हा होन्नम्माला वाटलं, कंडक्टरने आपल्याला भलत्याच ठिकाणी उतरवलं. मग तिने पिंपळ ओळखला. पिंपळ होता तिथेच होता, पण त्याच्या बुंध्याला अकरा पाट्या ठोकल्या होत्या. कुठे छत्री काढलेली, कुठे गादी घातलेली खाट, कुठे नळी खोचलेला पेला. नऊ वर्षांपूर्वी ती गाव सोडून लेकीकडे हुबळीला गेली, तेव्हा मासळीच्या टोपल्या टेकवायला सावली देणं एवढंच त्या पिंपळाचं काम होतं.

एक रिक्षावाला पुढे आला. "बीच? आजी, बीचला जायचं? पन्नास."

"बीच कसला रे? मी या गावची सून आहे. माझ्याच घरी जायला तुला पन्नास देऊ?"

तो हसला. "मग चाला. उतारच आहे."

उतार होता हे खरं, पण साठी उलटलेल्या गुडघ्यांना उतारच जास्त जाचतो. पिशवी या हातातून त्या हातात करत होन्नम्मा सावकाश उतरली. पिशवीत नवा पंचा होता, पान-सुपारी होती आणि तिरफळांची पुरचुंडी होती. तीन दिवसांवर मार्गशीर्षातली अमावास्या. तिच्या नवऱ्याला, तिम्मप्पाला, समुद्राने नेलं त्याला त्या दिवशी एकोणीस वर्षं पुरी होणार होती. होडी सापडली, बरोबरचे दोघं सापडले, तो सापडला नाही.

बोळेकेरीत अशा माणसाला मेला म्हणत नाहीत. इथली रापण सगळ्या गावाची. होडीने अर्धगोल जाळं टाकायचं आणि त्याचे दोन दोर दोन टोळ्यांनी किनाऱ्यावरून ओढत आणायचे. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो गावचा असो की वाटेवरचा भिकारी. आणि ज्याचं अंग समुद्राने परत दिलं नाही तो अजून दोरावरून उतरलेला नाही, असं धरायचं. वाटे घालताना त्याचं नाव सगळ्यांच्या आधी पुकारतात, घरचं कुणीतरी 'आहे' म्हणतं आणि त्याचा वाटा बाजूला पडतो. त्याच्या दिवसाला त्याच वाट्यातला मासा रांधून पान पाण्याच्या काठाला ठेवायचं. विकतचा मासा चालत नाही, कारण विकतचा कुणाचाही असतो. ज्या दिवशी बायको 'आहे'च्या ऐवजी 'उतरला' म्हणेल, त्या दिवसापासून नाव बंद. एकोणीस वर्षांत होन्नम्माने ते म्हटलं नव्हतं आणि म्हणायचं तिच्या मनातही नव्हतं.

दर वर्षी ती हुबळीहून फोन करायची आणि दीर जट्टप्पा सांगायचा, "अत्तिगे, काळजी करू नका. अण्णाचं पान ठेवलं." थोरल्या भावाच्या बायकोला तिकडे अत्तिगे म्हणतात. यंदा जावयाची बदली बिदरला झाली. तिथून समुद्र म्हणजे दीड दिवसाची वाट. होन्नम्मा लेकीला म्हणाली, "एकदा माझ्या हाताने त्याला जेवू घालून येते. मग ने मला तुला हवं तिथे."

घरही तिला पटकन ओळखू आलं नाही. पुढच्या अंगाला निळा रंग दिला होता, चार खोल्या पाडल्या होत्या, प्रत्येक दाराला आकडा होता. ओट्यावर एक उघडा गोरा माणूस पुस्तक वाचत आडवा झाला होता. जिथे त्याचे पाय होते तिथे तिची चूल असायची. जट्टप्पाचं कुटुंब मागच्या जाळ्याच्या खोपीत राहत होतं, आणि खोपीच्या दारात धाकटी जाऊ सोमी चादरी पिळत होती.

"अक्का! अगं फोन तरी करायचास!"

"केला असता तर काय झालं असतं? समुद्र मागे सरकवला असतास?"

सोमी हसली, पण उठून मिठी मारली नाही. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे पडले होते आणि बोटांच्या पेरांना चिरा गेल्या होत्या. गेस्टच्या चादरी रोज पावडरीत घालून धुवाव्या लागत. पूर्वी याच हातांना खवल्यांचा वास यायचा आणि सोमी त्याला नावं ठेवायची.

"जट्टू कुठाय?"

"शोला गेलेत. पाचला शो असतो." सोमीने चादर झटकली. "तू दमली असशील. आज पड जरा. उद्या बघ."

"कसला शो?"

"रापणीचा," सोमी म्हणाली आणि वाळत घातलेल्या चादरीच्या पलीकडे गेली.

होन्नम्मा थांबली नाही. रापण ओढतायत आणि आपण पडून राहायचं, हे तिच्या पायांना ठाऊकच नव्हतं. वाळूवर खाटा मांडल्या होत्या, छत्र्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधून जाळं यायला जेमतेम एक बोळ ठेवला होता. दोर बाहेर आले होते. दोरांवर बेंगळुरूकडची, मुंबईकडची, कुठकुठची माणसं लागली होती. कुणी टोपी घातलेली, कुणी अंगाला तेल चोपडलेलं. मधूनमधून गावचे चार-सहा म्हातारे. जट्टप्पाचा मुलगा प्रसन्न गळ्यात शिट्टी अडकवून पुढेमागे करत होता आणि शिट्टी वाजली की सगळे मिळून 'हैसा' म्हणत होते.

तिम्मप्पाची जागा उजव्या दोरावर, पाण्याकडून तिसरी. तिथे एक मुलगी उभी होती. होन्नम्माने तिला हाताने बाजूला केलं, पदर खोचला, दोर धरला. आणि दोन पावलं मागे येते न येते तोच तिच्या लक्षात आलं की दोराला जीव नाही. जाळ्यात मासळी असली की दोर हातात धडधडतो, ओढ लागते, सुटते, परत लागते. हा ओलं पोतं ओढावं तसा येत होता. तिने वर पाहिलं. जाळ्यावर एक घार नाही, एक कावळा नाही.

तरी जाळ्याच्या मधली झोळी काठाला आली तेव्हा त्यात बांगडे होते. तीस-पस्तीस, सगळे एका मापाचे, आणि एकही तडफडत नव्हता. लोकांनी आरोळी ठोकली. फोन वर झाले. जट्टप्पा टोपली घेऊन पुढे आला, घसा साफ केला आणि नाव पुकारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला भावजय दिसली. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"अप्पा," प्रसन्न मागून म्हणाला, "बोल ना."

"तिम्मप्पा," जट्टप्पा म्हणाला. आवाज निम्माच आला.

"आहे," होन्नम्मा म्हणाली.

प्रसन्नने छातीवर हात ठेवून इंग्रजीतून काहीतरी सांगितलं, समुद्राकडे बोट केलं, मग होन्नम्माकडे. पाहुण्यांचे चेहरे कळवळले. एकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या नवऱ्याच्या नावाला टाळ्या. एक माणूस फोन घेऊन इतका जवळ आला की तिला त्याच्या तोंडाचा वास आला. जट्टप्पाने तिच्याकडे न बघता दोन बांगडे तिच्या ओंजळीत ठेवले.

पस्तीस वर्षं तिने डोक्यावर टोपली घेऊन सात गावं फिरून मासळी विकली होती. तिला डोळे मिटूनही कळलं असतं. कातडं समुद्राच्या पाण्याने कोमट झालं होतं, पण आतलं अंग गार होतं, आणि बोट लावलं की पोट आत जात होतं.

इतक्या परक्या माणसांत घरचं कशाला काढायचं, म्हणून ती मुकाट खोपीत आली आणि बसून राहिली. जट्टप्पा आला, पाय धुतले, कोपऱ्यात टेकला. तिने बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचकून त्याच्यासमोर धरला. आत विटकरीसारखा तांबूस-काळा रंग होता.

"जट्टू, हा कुठला?"

"समुद्रातला, अत्तिगे."

"किती दिवसांचा?"

चुलीपुढून सोमीच बोलली. "बंदरावरून येतो. बर्फातला. होडीत ओल्या पोत्याखाली टोपली ठेवायची आणि पलीकडे गेलं की झोळीत सोडायची. झालं? ऐकायचं होतं ना तुला?"

"किती वर्षं?"

"पाच," जट्टप्पा म्हणाला.

"आणि पान?"

तो तोंडावरून हात फिरवून म्हणाला, "त्यातलंच ठेवत होतो. ठेवत होतो, अत्तिगे. चुकवलं एकदाही नाही."

होन्नम्माला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. पाच वर्षं हा माणूस फोनवर 'ठेवलं' म्हणायचा आणि ती हुबळीला निवांत झोपायची. ज्याला आपल्या वाट्याशिवाय दुसऱ्याचं काही चालत नाही, त्याला आपण बाजारातलं शिळं वाढलं, आणि वर समाधानही मानलं.

"मला अमावास्येला खरा मासा पाहिजे," ती म्हणाली.

"खरा!" सोमीने पळी आपटली. "नऊ वर्षांनी येऊन खरा मागतेस! बाहेर मोठ्या बोटी दिवे लावून सगळं उपसून नेतात. काठाला उरतंय काय? दोन हंगाम आम्ही रिकामं जाळं ओढलं, तेव्हा होतीस तू? तुझ्या नवऱ्याच्या नावावर टाळ्या पडतात, त्या टाळ्यांवर हे घर उभं आहे. मला नाही त्याची लाज."

"तुला कुठे म्हणते मी? मी जट्टूला म्हणते."

"त्यांना काय म्हणायचंय? त्यांचं तर जेवण तुटलंय पाच वर्षं अमावास्येला," सोमी म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "भात ताटात घेऊन बसतात आणि उठतात."

सकाळी होन्नम्माने जाळं पाहायला मागितलं. जट्टप्पाने होडीवरचं प्लास्टिक काढलं. दोन बाजू बऱ्या होत्या. पण झोळी तिने वाळूत पसरून पाहिली. एका अंगाला माणूस शिरेल एवढं भोक, निळ्या दोरीने चार ठिकाणी आवळून टाकलेलं. दुसऱ्या अंगाचा हातभर रुंद पट्टा तर सरळ कापूनच नेलेला.

"हे कुणी कापलं?"

"प्रसन्नने. त्याच्या कॅफेच्या भिंतीला पाहिजे होता. शोभेला." जट्टप्पाला ते सांगताना मान वर करवेना. "मेलेला मासा कुठे पळतोय, म्हणाला."

झोळीच्या त्या पट्ट्यात तिम्मप्पाच्या हातच्या गाठी होत्या. तो डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची आणि बाकीचे त्याला हसायचे.

कॅफेत पंखा फिरत होता. भिंतीवर जाळं ताणून लावलं होतं, त्यात शंख अडकवले होते, रंगीत दिवे गुंडाळले होते. होन्नम्मा खुर्चीवर चढून गाठी चाचपू लागली तसा वेटर धावत आला. तो ओडिशाकडचा, कामाला लागून दुसरं वर्ष.

"अजी, अजी, उतरा! इथे बसायचं नाही, गेस्टची जागा आहे."

"मी बसले कुठे? उभी आहे."

"मालक ओरडतील."

"मालक माझा पुतण्या आहे. त्याला म्हणावं, तुझी दोडम्मा, थोरली आई, आपलं जाळं घेऊन गेली." तिने एकेक शंख काढून टेबलावर ठेवला. दिवे मात्र तिला सुटेनात. मग तो वेटरच खुर्चीवर चढला आणि दिवे सोडवून दिले. गावाकडे त्याचा बापही जाळंच टाकत होता, असं तो हळूच म्हणाला.

प्रसन्न दुपारी आला तो तणतणतच. "दोडम्मा, हे काय चाललंय? आज शो आहे. बेंगळुरूची बावीस माणसं आहेत."

"आज जाळं मिळायचं नाही."

"मग त्यांना काय दाखवू?"

"मला दाखव. म्हातारी जाळं सांधते, ते बघा म्हणावं. टाळ्याही वाजवा."

प्रसन्न काही वाईट मुलगा नव्हता. होडी विकायची वेळ आली होती ती त्याच्या शोमुळे टळली, हे होन्नम्मालाही दिसत होतं. "तू दोन दिवसांनी जाशील," तो म्हणाला. "आम्हाला रोज इथेच राहायचंय." आणि निघून गेला. ते तिला लागलं, कारण ते खरं होतं.

सुई चालत होती. होन्नम्माला आता दोरा ओवायला दिसत नव्हतं, तर जट्टप्पा ओवून देत होता. एक पाय लांब करून अंगठ्यात जाळं अडकवायचं, डाव्या हाताने जाळ्याचं एकेक घर धरायचं, उजव्याने गाठ मारून ओढायची. तासाभरात मांडीला रग लागली, नायलॉनने तर्जनी कापली. ती पदराच्या चिंधीने बोट बांधायची आणि पुढे चालू. उलट्या गाठींशी आली की हात थांबायचा. त्या सोडायच्या नव्हत्या. त्यांच्या बाजूने आपल्या सुलट्या मारत जायचं होतं. येणारेजाणारे पाहुणे उभे राहून फोटो काढत होते.

उन्हं कलताना सोमी आली. चादरी वाळत घातल्या होत्या. तिने झोळीचं दुसरं टोक मांडीवर ओढून घेतलं आणि दुसरी सुई मागितली. चिरा पडलेल्या बोटांत दोरा गेला की ती ओठ चावत होती.

"राहू दे गं," होन्नम्मा म्हणाली. "हात बघ तुझे."

"चादरीने फाटले ते जाळ्याने काय अजून फाटणारेत?" सोमी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ही गाठ भावजींची. केवढी वेडी गाठ!"

"त्यालाही मी तेच म्हणायचे."

दोघी हसल्या. दुसरा दिवसही त्यातच गेला, आणि त्या दिवशीही शो झाला नाही.

अमावास्येला उजाडता उजाडता जट्टप्पाने पाण्यात पाय घालून रंग पाहिला. अमावास्येची भरती, पाणी पार छत्र्यांच्या पायांशी आलं होतं. होडी लोटायला आठ जण लागतात, ओढायला कमीत कमी वीस. जट्टप्पा, सोमी, होन्नम्मा. जुन्या टोळीतला होसबू, पासष्टीचा, एका पायाने लंगडा, आणि त्याच्याबरोबर तिघं म्हातारे. चादरी धुणाऱ्या पाच बायका. ओडिशाचा वेटर आपल्याबरोबर आणखी एकाला आणि नेपाळी आचाऱ्याला घेऊन आला. हंगामाला नारळ उतरवायला आलेले दोघं भाऊ आले. सतरा झाले. प्रसन्न सगळ्यात शेवटी आला, अठरावा. शिट्टी गळ्यातच होती, ती काढून त्याने खिशात टाकली आणि होडीत चढला. पोत्याखालची जागा रिकामी होती.

जाळं पडलं. दोर आले. कमरेला पट्टा बांधून, टाच वाळूत रोवून, पाठीने ओढायचं. शिट्टी नव्हती. होसबू घशातून एक हुंकार द्यायचा आणि त्यावर सगळ्यांची पावलं मागे पडायची. होन्नम्मा उजव्या दोरावर तिसरी उभी होती. अर्ध्या तासात तिच्या गुडघ्यांतून कळा निघाल्या, बांधलेल्या बोटातून रक्त आलं, आणि दोर जागचा हलेना तेव्हा तिला एकदा वाटून गेलं की आपण उगाच हट्ट केला. मग मागून कुणीतरी दोर धरला. ओट्यावर पुस्तक वाचणारा तो गोरा माणूस होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो फोनही विसरून आला होता.

आणि मग दोर धडधडला. थोडासाच. हातात काहीतरी आलं आणि गेलं.

"लागलं!" होन्नम्मा ओरडली. "जट्टू, लागलं!"

वर एक घार आली होती.

झोळी काठावर उलटली. आत एक चप्पल, तीन बाटल्या, शेवाळाचा लगदा, आणि सात मुडदुशा. हातभर उड्या मारत होत्या, वाळूत अंग आपटत होत्या. एकोणीस माणसं आणि सात मासे. कुणी हसलं नाही. जट्टप्पाने धोतराला हात पुसले, ताठ उभा राहिला आणि समुद्राकडे तोंड करून पुकारलं, "तिम्मप्पा!"

आवाज पार खडकापर्यंत गेला.

"आहे," होन्नम्मा म्हणाली.

त्याने पहिली हाताला लागली ती मुडदुशी उचलून तिच्या ओंजळीत ठेवली. मासा तिच्या कापलेल्या बोटावर शेपटी मारत होता. या वेळी जट्टप्पाने तिच्याकडे पाहिलं.

"उरले सहा," होसबू म्हणाला. "अठरा जणांना सहाचे वाटे कसे घालायचे, ते होडीचा तांडेल तू, जट्टप्पा, तूच सांग."

"एका भांड्यात," सोमी म्हणाली. "सगळ्यांनी ताटली घेऊन या. रस्सा पळीभर मिळेल, तक्रार करायची नाही."

त्या सकाळी खोपीसमोर सगळे उकिडवे बसून जेवले. जट्टप्पाने भात दोनदा घेतला. सोमी ते बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

होन्नम्माने आपली एक मुडदुशी वेगळ्या चुलीवर रांधली होती. नारळ, सुकी मिरची, ठेचलेलं तिरफळ. केळीच्या पानावर उकड्या तांदळाचा भात घातला, मासा अख्खा ठेवला, शेजारी नवा पंचा, पान-सुपारी. एकटीच काठाला गेली. भरती उतरायला लागली होती. खाटांवर माणसं येऊन पडत होती, गाणी लागली होती. तिने जागा बदलली नाही. इथेच दर वर्षी पान ठेवायचं, तर इथेच.

"मला यायला उशीर झाला," ती पाण्याला म्हणाली. "गरम आहे, खा. काटा जपून."

ती बसून राहिली. एकोणीस वर्षांपूर्वी तो या वाळूवरून उतरून गेला तेव्हा चाळिशीचा होता. तिचे केस आता पांढरे, तो चाळिशीचाच. उद्यापासून ती बिदरला. मग संध्याकाळी पाचला शिट्टी वाजेल, टोपली उलटेल, आणि त्याचं नाव पुकारलं की लोक टाळ्या वाजवतील. प्रसन्नचं पोट आहे, सोमीचे हात आहेत. त्यांना ते बंद करा म्हणायला तिला तोंड नव्हतं. पण तो मात्र रोज येऊन रिकाम्या हाताने त्या गर्दीत उभा राहील, कारण नाव घेतलं की यावंच लागतं. आपण त्याला एवढी वर्षं सोडलं नाही ते त्याच्यासाठी की आपल्यासाठी, हे तिला कळेना.

एक लाट वर आली, पान उचलून पुढे नेलं आणि फिरवत फिरवत आत ओढलं. पंचा थोडा वेळ तरंगताना दिसला.

तिची बस सहाची होती. पाचला ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा शो सुरू झाला होता. दोन दिवस चुकलेली माणसंही आली होती, गर्दी दुप्पट होती. जाळं नव्याने सांधलेलं होतं. झोळी काठाला आली आणि तीस बांगडे वाळूवर पसरले. होन्नम्मा लोकांमधून वाट काढत पुढे आली आणि आपल्या जागी, उजव्या बाजूला उभी राहिली.

जट्टप्पाने तिला पाहिलं. प्रसन्न आधी बापाकडे, मग तिच्याकडे बघायला लागला. पाहुणे वाट बघत होते.

"पुकार ना जट्टू," होन्नम्मा म्हणाली. "बस जाईल माझी."

"तिम्मप्पा!" जट्टप्पाने पुकारलं.

"उतरला," होन्नम्मा म्हणाली.

जट्टप्पाच्या हातात दोन बांगडे होते. ते तसेच राहिले. मग त्याने ते खाली टोपलीत ठेवले, हलक्या हाताने, आणि समुद्राकडे वळून ओरडून सांगितलं, "उतरला!" म्हाताऱ्यांनी डोक्याची फडकी काढली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने प्रसन्नला विचारलं, ती म्हातारी काय म्हणाली. प्रसन्नने तोंड उघडलं आणि मिटलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तो गोरा माणूस नव्हता, तो होन्नम्माने वाळूत ठेवलेली पिशवी उचलून धरून उभा होता.

जट्टप्पाने डोळे पुसले, घसा साफ केला आणि पुढचं नाव घेतलं.

"होसबू!"

"आहे," होसबू म्हणाला.